धक्क्यावरची टिटवी

प्रिय चिऊ,

फोनवर सांगण्यासारखं हे नाही, म्हणून तिकिटघर जरा लवकर उघडून लिहायला बसलेय. खिडकीसमोर पाणकावळे पंख वाळवताहेत, खंड्या नांगराच्या दोरावर टपलाय. तू शहरात गेलीस तरी बेटावरची ही मंडळी काही हललेली नाहीत.

यंदा टिटवीबाईंना अख्ख्या बेटावर दुसरी जागा मिळाली नाही. अंडी घातली ती थेट आपल्या धक्क्यावर, लाँचची रांग लागते तिथल्या खडीत. खड्यांसारखीच अंडी, पाय पडेपर्यंत दिसायची नाहीत. मी भोवती दोरी बांधली, रांग पलीकडे वळवली. माणसं कुरकुरली. टिटवी तर माझ्याच डोक्यावर झेपा घेऊन ओरडायची.

लाँच चालवणारे भोंगाकाका आठवतात ना? त्यांचा भोंगा वाजला की तू कान झाकून टेबलाखाली शिरायचीस. एवढी वर्षं बेट हादरवणाऱ्या त्या माणसाने भोंगा बंद केला. आवाजाने टिटवी दचकून उठायची आणि कावळे टपलेलेच, म्हणून. लोकांच्या लाँच चुकल्या, काकांना बोलणी बसली, पण हा माणूस ढिम्म. दुपारी दोन फेऱ्यांच्या मधे छत्री घेऊन खुर्ची टाकायचे आणि कावळे हाकलायचे. मग मीही चहा घेऊन शेजारी बसायला लागले. तुझे बाबा गेल्यापासून इतकं कुणाशी बोलले नव्हते गं.

परवा पिल्लं निघाली. अंगाने कापसाचे गोळे, पाय काड्यांसारखे आणि पळायची कोण घाई! त्यातलं एक उतारावरून घरंगळत पाण्यात पडलं, नेमकी लाँच धक्क्याला लागत असताना. काकांनी इंजिन बंद केलं, लाँचच्या कडेला पालथे झाले आणि टोपीने पिल्लू उचललं. कुरकुरणाऱ्याच उतारूंनी टाळ्या वाजवल्या. टिटवीने मात्र काकांच्या टकलावर ओरखडा काढलाच.

मी त्यावर औषध लावत होते, तेव्हा ते मान खाली घालून म्हणाले, "टिटवी आता जाईल. पण मी चहाला येत राहिलो तर चालेल का? कायमचा?"

मी आधी बाटलीचं झाकण नीट लावलं, मग हो म्हटलं. तेव्हा चिऊ, हे पत्र परवानगीसाठी नाही, आमंत्रणासाठी आहे. पुढच्या महिन्यात आम्ही लग्न करतोय. तू यायचंसच. समुद्राला कधी न घाबरलेला माणूस तुझ्या उत्तराला घाबरून बसलाय, आणि मला त्याचं फार हसू येतंय.

तुझीच, पुन्हा आरशात बघायला लागलेली,
आई