फाटकाचा आकडा

धर्माबाद,
१२ जून

प्रिय वर्षाअक्का,

फोनवर मला नीट बोलता येत नाही, मधेच अडखळतो, म्हणून लिहीत आहे. आधी कच्चं लिहिलं, आता हे पक्कं. शाळा नववीतच सुटली, तरी माझ्या पत्रात तुला चूक सापडू नये असं अजून वाटतं.

आबांच्या दिवसांना तू आलीस तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. लोकांनी अंगणातल्या माझ्या छोट्या रुळांवरच चपला काढल्या होत्या. तू एकेक उचलून बाजूला ठेवत होतीस. मी दारातून बघत होतो. सांगायचं ते तेव्हाच सांगायला हवं होतं.

बंद पडलेल्या कापूस जिनिंगची ही वजनकाट्याची खोली आबांनी राहायला घेतली तेव्हा तू हसली होतीस. आता माहेरी आलं की आधी वजन करून घ्यावं लागंल, म्हणाली होतीस. कापसाच्या गाड्या ज्या लोखंडी पाटावर उभ्या राहायच्या तेच आपलं अंगण झालं, आणि कारकून जिथून पावत्या द्यायचा ती स्वयंपाकाची खिडकी. आबांनी जागा घेतली ती एकाच कारणानं. मागून रेल्वे जाते.

अंगणातली आगगाडी ही माझी हौस, असं सगळ्यांना वाटतं. तूही तसंच समजलीस, मी समजू दिलं. खरं असं की आबांनी राखलेलं रेल्वेचं फाटक बंद होऊन तिथं भुयारी रस्ता झाल्याचं त्यांच्या ध्यानात राहत नव्हतं. सकाळी खाकी सदरा घालून, झेंड्या काखेत मारून ते ड्यूटीला निघायचे. दोनदा रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगवाल्यांनी त्यांना घरी आणून सोडलं. दुसऱ्यांदा तर ते दोन रुळांच्या मधून चालले होते. त्या दिवसापासून दुकानात मोटारीचं वाइंडिंग करताना गाडीची शिट्टी ऐकली की मी काम टाकून घरी पळायचो. म्हणून वाटलं, त्यांना घरीच एक फाटक द्यावं.

रूळ लोखंडी पट्टीचे, डबे तेलाच्या डब्यांचे, इंजिनात ऑटोच्या वायपरची मोटार. पहिल्या उन्हाळ्यात रूळ तापून वाकडे झाले. आबा उकिडवे बसून बघत होते. म्हणाले, लोखंडाला पाय पसरायला जागा ठेव की रे, दहाच्या नाण्याएवढी फट सोड. सोडली. पुन्हा कधी वाकले नाहीत. त्यांना जेवलो की नाही ते आठवत नसे, पण हे आठवे.

फाटक पाटाच्या पलीकडच्या टोकाला, भिंतीआड. खिडकीतून दिसत नाही. खिडकी म्हणजे माझं स्टेशन. मी हाक मारायची, गाडी येणार. आबांनी दांडी खाली पाडून फाटक बंद करायचं, साखळी लावायची, त्यांच्या कागदावरच्या यादीतला पुढचा दोन अंकी आकडा खोडायचा आणि मला ओरडून सांगायचा. मी तो परत म्हणायचा, वहीत लिहायचा, मगच गाडी सोडायची. फाटक बंद असल्याची तीच खूण. लहानपणी फाटकावर डबा घेऊन जायचीस तेव्हा तूही ऐकलंयस ना, स्टेशनमास्तरला फोनवर आकडा सांगताना त्यांचा आवाज कसा ताठ व्हायचा. चौदा महिने आबा एकदाही खऱ्या रुळाकडे गेले नाहीत. शेजारच्या सुमनकाकू भिंतीवरून चिडवायच्या, व्यंकटराव, आमची शेळी जाऊ द्या की आधी! आबा म्हणायचे, शेळीला बी थांबावं लागंल.

आता जे फोनवर खोटं सांगितलं ते. आबा अंगणात बसल्या बसल्या गेले नाहीत.

एकोणीस मेला नवी बॅटरी लावून बघायची होती आणि मला दुकानात जायला उशीर झाला होता. दोनदा हाक मारली, आकडा आला नाही. वाटलं, विसरले असतील. मी गाडी सोडली. ती भिंतीआड गेली तसे आबा खिडकीशी आले. आकडा घेतल्याबिगर गाडी सोडली तू? मानूस असतं तर? मी म्हणालो, मानूस कुठून येतंय आबा, खेळणं हाय हे.

गाडी गेली त्या भिंतीकडे त्यांनी वळून बघितलं. मग मला विचारलं, खेळणं हाय? मी चपला घालून दुकानाला निघालो. रोज जाताना बाहेरून कडी लावायचो, त्या दिवशी रागात तीही लावली नाही.

दोन वाजता गँगवाल्यांचा फोन आला. आबा जुन्या फाटकाच्या जागी गिट्टीवर बसलेले सापडले. दहापासून उन्हात तिथंच असावेत, डोक्याला काही नाही, पायात चपला नाहीत. लाल झेंडी मुठीत होती. नांदेडला नेलं, वाटेतच गेले. शेवटपर्यंत त्यांची मूठ सोडवता आली नाही.

सगळे पाहुणे गेल्यावर मी भिंतीआड गेलो. तोवर तिकडे गेलोच नव्हतो. अक्का, दांडी खाली पाडून फाटक बंद केलेलं होतं. दांडीला नेहमीसारखी साखळीही लावली होती. कागद विटेखाली ठेवलेला, आणि त्यावर यादीतला पुढचा आकडा, सत्तेचाळीस, खोडलेला. आबा विसरले नव्हते. हात थरथरायचे, साखळी लावायला वेळ लागला असेल. मी मिनिटभर थांबलो असतो तर आकडा आला असता.

तेव्हापासून फाटक तसंच बंद आहे. माझ्या वहीत त्या गाडीपुढची जागा कोरी आहे. मला माफ कर असं लिहीत नाही, ते तुझं तू ठरव. वर्षभर बोलली नाहीस तरी चालेल. पण त्याआधी एकदा फोन कर, आणि दुसरं काही न बोलता आबांचा तो आकडा मला सांग. मी परत म्हणेन, लिहून घेईन. मग जाऊन फाटक उघडेन.

तुझाच,
आदिनाथ