पिंजऱ्याचं दार

शिंगणापूर, मंगळवार, ९ फेब्रुवारी १९७१

आला! आज माझ्या हातावर आला. बोट अजून झोंबतंय, झोंबू दे.

ह्यांनी नगरच्या बाजारातून पोपट आणला, तेव्हापासून बिचारा पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. मिरची द्यायला हात नेला की नुसता फडफडाट. आणि आज सकाळी सासूबाईंनी पिंजऱ्याचं दारच काढून टाकलं! म्हणे, "गावात कुनाच्या घराला दार न्हाई, अन् ह्याच्याच घराला कशापायी?" मी इतकी चिडले की जेवलेच नाही. शनिदेवाच्या धाकानं इथं चोर येत नाही, कबूल. पण पोपट आपणहून उडाला तर? आणि मांजराला कसला धाक?

दिवसभर काठी घेऊन राखण केली. हा आपला कोपऱ्यातच. शेवटी कंटाळले, काठी भिंतीला टेकवली आणि त्याच्याकडे पाठ करून पीठ मळायला बसले. मिरची शेजारी ताटलीत. थोड्या वेळानं मागे खुडबुड झाली. वळून बघायचा धीर होईना. मांजर असलं तर? तेवढ्यात मनगटावर गार नखं टेकली! स्वारी पिठाच्या हातावर बसून ताटलीतली मिरची कुरतडू लागली. मग माझं बोटही चाखून बघितलं. मी श्वाससुद्धा घेतला नाही.

पोट भरल्यावर तुरुतुरु चालत परत पिंजऱ्यात गेला.

वळून बघते तर मागे सासूबाई उभ्या, हातात माझीच काठी!

"देवावर भरवसा होता ना?" मी हसत विचारलं.

"चोराकडं देव बघतो," त्या म्हणाल्या. "मांजराकडं मीच बघाया नको?"