सुनीलची पाच मिनिटं

शनिवार, १० डिसेंबर १९८८, अंबरनाथ

सांगून टाकलं, तरी जीव थाऱ्यावर नाही.

हे फॅक्टरीतून रिटायर झाले आणि यंदा कॉलेजच्या फुटबॉल टीमचे कोच झाले. मैदानालाही फॅक्टरीचं गेट समजतात. शेजारचा सुनील टीमचा कॅप्टन. काल सकाळी सरावाला पाच मिनिटं उशिरा पोचला, तर उद्याच्या शेवटच्या मॅचमधून त्याला काढलं. आज त्याची आई आली. "वहिनी, भावजींना समजवा ना. पोरगा कालपासून जेवला नाही हो."

पाच मिनिटं! माझा गुडघा धरलाय म्हणून पहाटे नळावर माझेच हंडे भरत होता तो. त्यानं ह्यांना कारण सांगितलं नाही, माझं नाव येऊ नये म्हणून. आणि मी? न बोलणं हेही खोटंच, असं शाळेत सिस्टर म्हणायच्या. तरी काल दिवसभर गप्प राहिले.

ती गेल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. बराच वेळ बुटाची नाडी सोडत बसले. मग म्हणाले, "कालच बोलायचंस गं. आज दुपारी नावं देऊन आलो, आता बदलता येत नाहीत."

शेजारी सुनीलची आई वाट बघत असेल. तिला वाटतंय, मी अजून ह्यांची समजूत काढते आहे. जायला हवं. जाते.