कॅमेऱ्याला हात लावू नको

१८ नोव्हेंबर
दिवाळीला गावी गेलेलं सुरतेतलं आमचं सगळं नवागाम कधीच परत आलं. माझा नवरा नाही आला. आज त्याचा मेसेज आला : "तनूला पप्पी. कॅमेरा आणि फ्रीजमधले रोल सांभाळ. तू हात लावू नको." मी कशी आहे, जिवंत आहे का, काही नाही. कोथिंबिरीशेजारी ठेवलेल्या रोलची काळजी मात्र आहे.
आजपासून वहीत त्याचं पूर्ण नाव नाही. दी. पुरे.

२० नोव्हेंबर
राजू येऊन बसला. धाकटा भाऊ, पण अशा बातम्या आणायला मोठा. पुण्यात दी.चं कुणीतरी आहे. फारकत हवी. संक्रांतीच्या आत दोन्हीकडची माणसं बसतील आणि ज्याचं त्याला देऊन मोकळं करतील. वर म्हणाला, तो तनूलाही मागणार आहे, गावभर सांगत फिरतोय.
माय तेव्हापासून पोरीला दारात खेळू देत नाही. मी दुकानात दोन बायकांना चुकीचा फॉल दिला. इतकी वर्षं मॅचिंग सेंटरवर उभी आहे, असं कधी झालं नव्हतं.
नऊ वर्षांची पोर. कशी देऊ?

२४ नोव्हेंबर, रविवार
कॅमेरा काढला. हात लावू नको म्हणाला म्हणूनच काढला.
दी.ने चौकातल्या जुन्या बाजारातून आणलेला प्लॅस्टिकचा काळा डबा. पुढे काच, मागे लाल खिडकी, तिच्यात कितवा फोटो ते दिसतं. सेटिंग दोनच, ऊन आणि ढग. रोल स्लाइडचे. तो साडीच्या कॅटलॉगच्या स्टुडिओत लाइट धरायचा, तिथे सगळं डिजिटल झालं तेव्हा मालकाने फेकायला काढलेले. मुदत संपून पंधरा वर्षं झाली. आमच्याकडे आले तेव्हापासून फ्रीजमध्ये त्यांचा मान पहिला, दुधाचा दुसरा. मी विचारलं की म्हणायचा, यात निगेटिव्ह नसतं, जी पट्टी धुऊन येते तोच फोटो, बायकांनी नासवायची वस्तू नाही.
लाल खिडकीत ७. म्हणजे सहा त्याचे काढून झालेले. सातवा मी काढला, गॅलरीत वाळत घातलेल्या साड्यांचा. खट्, एवढाच आवाज.
बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं.

१ डिसेंबर, रविवार
रोल संपला. संपल्यावर कळलं की मधले तीन काचेचं झाकण न काढताच झाले. डोळा लावायची खिडकी वेगळी आणि काच वेगळी, मग कळणार कसं? तनू हसून गादीवर लोळली. मीही हसले. या घरात हसण्याचा आवाज दिवाळीनंतर पहिल्यांदा.
शेवटचे दोन तिचेच, पाण्याच्या टाकीशी.
सुरतेत स्लाइडचा रोल आता कुणी धूत नाही, मुंबईला कुरियर करावा लागतो. तिथला माणूस फोनवर म्हणाला, मुदत गेलेली आहे, रंगाची गॅरंटी नाही. म्हटलं, भाऊ, मला सध्या कसलीच नाही. पाठवते.

८ डिसेंबर
दी.चा तनूला फोन. अर्धा तास. तिला म्हणाला, तुला घ्यायला येणार. फोन ठेवून ती म्हणते, "मम्मी, पप्पाकडे लिफ्ट छे." आमच्याकडे जिना छे, तोही तुटका.
दिवसभर ब्लाऊजपीस लावता लावता मनात पंचांशी भांडते. तिची शाळा इथे आहे. तिला दमा आहे, पंप कधी द्यायचा ते मला कळतं. तिथे ती दुसरी बाई. एकेक मुद्दा घोटून ठेवलाय. गिऱ्हाइकाने मोरपंखी मागितलं, मी म्हणाले, "नाही देणार."

१५ डिसेंबर, रविवार
दुसरा रोल चालू. जुन्या रोलला उजेड जास्त लागतो म्हणून भर उन्हातसुद्धा 'ढग'वर ठेवायचं, हे कुणाच्या तरी व्हिडिओत बघितलं. एकदा रोल पुढे सरकवायची चावी फिरवायची विसरले. एका चौकोनात आता तनू आणि शेजारचा लूमचा कारखाना दोन्ही येणार.
माय भाकरी थापता थापता म्हणाली, "तू फोटो काढत बठ, तठे तो पोरले ली जाई."
तिला कसं सांगू? म्हणूनच काढतेय. नेलीच तर एवढं तरी राहील.
हे लिहायला नको होतं.

२३ डिसेंबर
पहिला रोल धुऊन आला. खिडकीशी धरून बघितला. सगळं राणी रंगाचं. हिरवी साडी राणी, भिंत राणी, आभाळसुद्धा धुतलेलं राणी. दुकानात असा लॉट आला असता तर परत पाठवला असता. झाकणवाले तीन काळेजांभळे. साड्यांचा बरा आहे. टाकीजवळची तनू हललेली.
आणि त्याचे सहा. स्कूटर. पंखा. उड्डाणपूल. आरशात स्वतः, तोही दोनदा.
सहावा तनूचा. गच्चीवर बसून बोरं खातेय, केस ओले, कडेने ऊन. रंग याचेही गेलेत, पण चेहरा असा आलाय की मी पट्टी खिडकीवरून खाली घेतलीच नाही. इतकं थांबून मी तिच्याकडे कधी बघितलं होतं? सकाळी डबा, संध्याकाळी अभ्यास, मध्ये ओरडणं.
भीती वाटली. जो माणूस पोरीकडे असं बघतो तो तिला सोडायचा नाही.
तरी मोबाइलने त्या स्लाइडचा फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला. सुंदर होता म्हणून ठेवला.

२४ डिसेंबर
दी.चा मेसेज : "भारी आलाय. जपून ठेव." रोलला हात लावला म्हणून भांडला नाही, याचंच नवल.
माझा साड्यांचाही ठेवला होता. त्याबद्दल अवाक्षर नाही.

५ जानेवारी, रविवार
फ्रीजमधला शेवटचा रोलही संपवला. कोथिंबीर आता ऐसपैस.
बैठक पुढच्या रविवारी. माय नवस बोलून बसलीय. मी दुकानातून सुट्टी मागितली, शेठाणीने कारण विचारलं नाही. तिला सगळं ठाऊक आहे. सगळ्यांनाच असतं.

१२ जानेवारी, रविवार
दिंडोलीच्या समाजाच्या हॉलमध्ये बसलो. तनूला मायजवळ ठेवलं. दी. नवा शर्ट घालून, आमच्या राजूला नमस्कारबिमस्कार करून.
आधी माझी भांडी. मग त्याच्या आईने घातलेली पोत, ती मी काढून दिली. मग तो. स्कूटर. हेल्मेट. कॅमेरा. रोल संपले म्हटल्यावर तोंड वाकडं केलं.
मी पदर घट्ट धरून बसलेली. आता म्हणेल, आता म्हणेल. तोंडात सगळी उत्तरं तयार. शाळा, दमा, पंप.
त्यांच्याकडच्या पंचांतल्या म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, अजून काही राहिलं का. दी.ने विचार केला. खरंच विचार केला, वर छताकडे बघून. मग म्हणाला, "त्या रोलमध्ये एक फोटो माझा आहे. तो पाहिजे."
मी म्हटलं, मोबाइलवर आहेच की. म्हणाला, ओरिजनल पाहिजे. त्याला म्हणे कुठे स्पर्धेला पाठवायचाय.
बाबा म्हणाले, "फोटो त्यानी काढेल शे ना? मंग दी टाक."
राजूने घरून पट्टी आणली. कात्री हॉलच्या वॉचमनची. मी तेवढा चौकोन कापून दिला. बाबांनी तो खिडकीकडे धरून बघितला, मग शेजारच्याने, मग त्याच्या शेजारच्याने. "पोर गोड शे," कुणीतरी म्हणालं. सगळे हो म्हणाले. मग चहा आला.
पोरीचं नाव कुणी काढलंच नाही.
तनू माझ्याकडेच राहिली. जिंकले म्हणायचं. राजूने रिक्षात माझा हात दाबला. आणि मला असा संताप आला की आजवर त्या बाईवर, सासूवर, कुणावर आला नव्हता. मागायचं तरी होतंस मेल्या. मी दिली नसती, जीव गेला असता तरी दिली नसती. पण मागायचं होतंस.

त्याच दिवशी, पुढे
घरात पाऊल टाकलं तशी तनूने विचारलं, "पप्पांनी मला मागितलं?"
पोर कालपासून जेवली नव्हती. मी म्हणाले, "हो. खूप भांडले. मीच नाही दिलं."

१४ जानेवारी
उत्तरायण. सगळं सुरत पतंग घेऊन गच्चीवर. तनू खाली खोलीत, भिंतीकडे तोंड करून.

१९ जानेवारी, रविवार
तनू माझ्याशी बोलत नाही. मामाशी बोलते, आजीशी बोलते. शाळेतल्या मैत्रिणीला सांगत होती, माझ्यासाठी पप्पा अख्ख्या हॉलशी भांडले. माझ्या पप्पांनी. किती ऐटीत सांगत होती.
दी.चा आज फोन नाही. बैठक झाल्यापासून एकदाही नाही. तिचं म्हणणं, मीच नंबर ब्लॉक केलाय. माझा मोबाइल घेऊन तपासला तिने. सापडलं नाही तर म्हणाली, "पप्पा माझ्यासाठी झगडले आणि तू ना पाडली, नाही म्हणाली."
माय म्हणते, "खरं सांगी टाक." एका वाक्याचं काम आहे. संध्याकाळी तिची वेणी घालताना तोंडापर्यंत आलं होतं. तिने मान ताठ धरलेली, मला टेकायचं नाही म्हणून. मी दुसरी वेणी घातली आणि रिबीन बांधली.