जिन्याखालची वायर

आबा, तुमची लाल मुठीची पक्कड माझ्याकडंच हाय. तुमी लाईनमन होता, तुमाला जाऊन पाच वर्षं झाली, आन् ती मी काल पयल्यांदा वापरली. अजून हाताचा वास जाईना. तीनदा साबण लावला.

तुमच्या आजारपणात नववीतनं शाळा सुटली ती सुटलीच. आता भांडगावच्या एका कंपनीत फोनवर बसते, यवतवरनं जीपनं जाते. तिथं एकाच वायरीतनं तीस जणांचं बोलणं येतंय, आन् कुणाचा फोन जोडायचा, कुणाचा तोडायचा, ह्याचा निरोप बी त्याच वायरीतनं अलग जातो. त्यो निरोप हुकला की तीसच्या तीस फोन एकदम मरतात. पंधरा दिवस रोज मरत होते. साहेब सगळ्यांम्होरं म्हणाले, "नववी नापास पोरगी बसवल्यावर दुसरं काय व्हणार? कुठली बी बटणं दाबती. शनिवारपर्यंत बघा, न्हाईतर हिला घरी पाठवा." मी नापास न्हाई. आन् माझ्या बोटानं एक फोन तुटंल, तीस कसे तुटतील? पण हे म्हणायच्या जागी मी वहीत लाईन मेल्याची वेळ लिहून घेतली. 

पुण्याचा इंजिनियर आला, एसीत बसून फोनच्या मशीनची दोन कार्डं बदलली, चहा प्याला. टेलिफोनवाल्यांनी गेटपर्यंत लाईन तपासली, ती चांगली. म्हंजी राहिली गेटपासनं मशीनपर्यंतची वायर, तिचा जोड जिन्याखाली. "तिथं माणसानं बसायचं व्हय?" म्हणून इंजिनियर नाकाला रुमाल लावून माघारी फिरला.

मी रोजच्या वेळा लिहीत गेले होते. रोज अडीच. जेवण झालं की सगळे गुटखा खाऊन जिन्याखाली थुंकायचे, अडीचला लाईन मरायची, सांजच्याला वाळली की परत चालू.

काल शुक्रवारी लाईन मेली तशी तुमची पक्कड घेऊन मीच खाली वाकून बसले. जोडाच्या डबीला झाकणच न्हाई. आत लाल चिखल, तांबं हिरवं पडलेलं.  ओढणीनं पुसलं, सडलेली टोकं तोडली, तुमी शिकवलं तसं तांबं चकाकंस्तवर खरवडलं आन् पीळ दिला. तेवढ्यात वरनं पिचकारी आली, बाजूलाच पडली. साहेब होते.

"कोण हाय गं तिथं?"

"मी."

"तिथं कशाला बसलीस? घाण असती तिथं."

आज शनिवार. अडीच वाजून गेले, एक बी फोन तुटला न्हाई. साहेब फोनवर इंजिनियरला म्हणाले, "तुमच्या कार्डानं काम केलं बघा." मग जिन्याकडं गेले, थुंकून आले. मी डबीला प्लास्टिक गुंडाळलंय, टिकंल तेवढं टिकंल.

नोकरी राहिली, पण ती ओढणी धुतली न्हाई. चुलीत टाकली. ती जळताना तुमच्या उशाजवळचा थुंकायचा डबा आठवला. तुमच्या तोंडाला ती गाठ झाली तवा आई म्हणायची, "जा गं, आबांचा डबा वतून ये." मी पोटात दुखतंय म्हणून भिंतीकडं तोंड करून पडायची. एकदा तुमी ऐकलं, आन् स्वतःच उठून, भिंतीला धरत, डबा घेऊन परसात गेला. 

लोकांचं पुसलं मी. तुमचं न्हाई पुसलं.

ही चिठ्ठी आईला वाचून दाखवायची न्हाई. पक्कडीसंगं पिशवीत ठेवते.

पोटात दुखत नव्हतं, आबा.