वळणची किल्ली

प्रिय संघपाल,

जयभीम. तुझ्याच घराच्या ओट्यावर बसून हे पत्र लिहितेय. सकाळी मूल गावाहून निघाले, चंद्रपूरला बस बदलली आणि दुपारी माजरीत उतरले. दार तुझ्या आईनं, रुखमाकाकूंनी उघडलं. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, पण लगेच मावळला. "तो घरी नाई, बाई," म्हणाल्या. तुझ्या चपला दारातच होत्या. काकूंनी माझी नजर कुठं गेली ते पाहिलं आणि डोळ्याला पदर लावला. मी त्यांच्याकडून एक कागद तेवढा मागून घेतला.

तू फोन बंद ठेवलास, मेल उघडत नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण परवा तू तुझ्या वळण या सॉफ्टवेअरच्या पानावर दोन ओळी टाकल्यास: 'सोमवारी सगळे अधिकार केविनकडे देतोय. सर्वांचे आभार.' केविन, म्हणजे नेटवरूनच तुझ्या मदतीला आलेला, आपण कधी न पाहिलेला माणूस! त्या ओळी वाचल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. आज शनिवार आहे.

तुला आठवतं, चंद्रपूरच्या कॉलेजात असताना वळण पहिल्यांदा चाललं तो दिवस? समीकरण टाकलं की त्याची आकृती पडद्यावर उभी राहायची आणि माऊसनं हवी तशी फिरवता यायची. तू तुझ्या बाबांना, लहानूकाकांना बोलावून ती लिंबाच्या आकाराची आकृती दाखवलीस. काका खाणीतून थेट आले होते, हात काळेच होते, म्हणून माऊसला हात लावेनात. तूच फिरवून दाखवलंस. ते म्हणाले, "हा तं आपल्या आंगणातला लिंबू होय! याचा हिशोब असते काय?" आपण किती हसलो होतो. त्याच दिवशी तू ठरवलंस की वळण कुणाला विकायचं नाही, त्याचा कोड सगळ्यांना उघडा ठेवायचा. मला तेव्हा तुझा फार अभिमान वाटला होता. आणखीही काही वाटलं होतं, ते राहू दे.

आता मंगळवारचं सांगते. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत वळणची नवी चाचणी आवृत्ती टाकली होती, केविननं तयार केलेली आणि तू होकार दिलेली. कॉलेजचं इंटरनेट बंद होतं म्हणून संगणक माझ्या मोबाइलच्या नेटवर जोडले होते. तासाच्या मध्येच नेट संपलं. माझ्यासोबत गणित शिकवणारी रंजीता म्हणाली, "नंदिनी, आपण तं नुसती आकृती फिरवून राह्यलो. मंग नेट काऊन खाऊन राह्यला हा?" मी थट्टेवारी नेलं. पण वळणला नेट लागतच नाही, हे मला माहीत होतं. 

रंजीता आणि मी एकेक भाग काढून पाहिला. कोड स्वच्छ होता. शेवटी नमुन्याच्या आकृत्यांचा फोल्डर उघडला. त्यात शंकूची एक फाइल आहे. शंकूचं समीकरण एका ओळीत मावतं, आणि ती फाइल केवढी तरी मोठी. ती काढून टाकली, तर वळण नेटवर काहीच पाठवेना. परत ठेवली, तर संगणकातल्या फायली आणि पासवर्ड कुठल्या तरी अनोळखी पत्त्यावर जायला लागले. रंजीतानं सरळ वायरच उपटली.  

रंजीता म्हणाली, आताच्या आता सगळ्यांना सांगून टाक. मी थांबले. त्या आवृत्तीवर होकार तुझा आहे, संघपाल. मी ओरडले असते तर लोकांनी आधी तुझंच नाव घेतलं असतं. आणि केविन सावध झाला असता. सध्या ही आवृत्ती आमच्यासारख्या तपासणाऱ्या थोड्या लोकांकडे आहे, त्यांना मी वापर थांबवायला खासगीत कळवलंय. सोमवारी वळणची किल्ली, म्हणजे तुझे ते सगळे अधिकार, त्याच्या हातात गेली, की हीच आवृत्ती तुझ्या नावाच्या भरवशावर शाळा-कॉलेजांतल्या प्रत्येक संगणकावर जाईल. तुला आधी सांगायचं म्हणून आले. उद्या संध्याकाळपर्यंत तुझ्याकडून काही आलं नाही, तर मात्र मी सगळं जाहीर करणार आहे. मग तू रागावलास तरी चालेल.

पण एवढ्यासाठीच आले असते तर निरोप काकूंच्या कानात सांगून शेवटची बस पकडली असती. केविनचं जुनं सगळं चाळताना मला तुझ्या पानावरचे ते संदेशही वाचावे लागले. 'झोपलात का?' 'जमत नसेल तर सोडा.' 'मेलेलं सॉफ्टवेअर कवटाळून बसलाय.' रोज एक, नाव वेगळं, देश वेगळा. हेच वाचून वाचून तू जेवण सोडलंस, नोकरी सोडलीस, या खोलीत शिरलास. तुला वाटलं, ज्यांच्यासाठी वळण केलं त्यांनाच तू नकोसा झालास. संघपाल, नीट वाच. ती सगळी खाती केविन आला त्याच आठवड्यात उघडलेली आहेत. तुझ्या पानाशिवाय ती कुठंच काही बोललेली नाहीत. इंग्रजीत 'सरफेस'चं स्पेलिंग सगळ्यांनी एकाच तऱ्हेनं चुकवलंय, आणि केविनही तसंच चुकवतो. ती माणसं नव्हतीच रे. किल्ली तुझ्या हातून सुटावी म्हणून एकच जण इतक्या आवाजांत तुला टोचत होता. वळण वापरणाऱ्या कुणीही तुला कधी वाईट म्हटलेलं नाही. हे तुला कुणीतरी समोर येऊन सांगायला हवं होतं, म्हणून मी आले. किल्ली देऊ नकोस. वळणला पुन्हा कधी हात लावला नाहीस तरी चालेल, मी त्यासाठी आलेली नाही. काकू हे पत्र दाराखालून आत सरकवतील. बस गेली तर जाऊ दे, मी इथंच ओट्यावर आहे.

तुझीच,
नंदिनी