एका दिव्याला दोन रिले

३ मार्च
बाबांच्या डोळ्यांत पाणी. एका टेबललॅम्पसाठी!
धाकटी बहीण कॉलेजातून चार दिवसांच्या सुट्टीवर आली आणि बाबांच्या उशाशी एक मऊ बटण आणि दिव्याच्या वायरीत एक डबी बसवली. बोट टेकवलं की डबीतली चिप, मायक्रोकंट्रोलर, रिलेला म्हणजे आतल्या विजेच्या खटक्याला हुकूम देते, रिले टक् करतो, दिवा लागतो. हात लुळा पडल्यापासून बाबांना भिंतीवरचं बटण दाबता येत नाही. म्हणाले, "वर्षभरात आज पहिल्यांदा कुणाला हाक न मारता दिवा लावला." कुणाला म्हणजे मला. वर्षभर मीच धावत होते ना.

४ मार्च
टक्. टक्. दिवसभर.
धाकटी दोनदा म्हणाली, "ताई, जरा एकटी ये ना, एक दाखवायचंय." मला शिकवायला आलीय! गेले नाही.

५ मार्च
आत्या आली. बाबा तिला म्हणाले, "धाकटीचा हात बघ, अगदी माझा." ते वाक्य माझं होतं! बाबांच्या हाताखाली वायरमन झाले ती मी. या घराचं सगळं वायरिंग एकटीने केलं ते मी. जळफळाट होतोय. होतोय तर होतोय.

६ मार्च
धाकटी बाहेर गेल्यावर प्लग काढून डबी उघडली. चूक शोधायलाच, खोटं कशाला बोलू? वाटलं, रिले फेजवर, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीवर, न बसवता न्यूट्रलवर बसवला असणार. नवशिके हमखास तेच करतात – दिवा विझतो, पण होल्डरमध्ये करंट तसाच. बल्ब बदलायला जाणाऱ्याला झटका.
तसं नव्हतं. दोन रिले होते, दोन्ही वायरींवर एकेक. फ्यूजसुद्धा. बटणाच्या वायरी मेनच्या वायरींपासून नीट लांब.
जेवताना बाबांसमोर म्हटलं, "एका दिव्याला दोन रिले? फेजवर एक पुरतो गं. कॉलेजात शिकवलं नाही वाटतं?"
ती ताटात बघत म्हणाली, "असू दे, ताई."
बाबा म्हणाले, "मोठीचं बरोबर आहे."
किती दिवसांनी! मी दोन घास जास्तच जेवले.

७ मार्च
धाकटी गेली. जाताना, "ताई, त्यातला रिले काढू नकोस हं. तेवढं ऐक." ऐकतेय मी!

८ मार्च
दुपारी एक रिले काढायचाच म्हणून बसले. बाबा बाहेर उन्हात होते. प्लग ओढला, सवयीने सॉकेटला टेस्टर लावला. फेजच्या भोकात पेटला नाही. न्यूट्रलच्या भोकात पेटला. मेन बंद करून सॉकेट उघडलं. आत वायरी उलट्या. वर लाल टेपचे तीन वेढे. तीन वेढे फक्त मी घालते.
मी म्हणत होते तसा एकच रिले असता तर तो न्यूट्रलवर पडला असता आणि दिवा विझूनही होल्डर जिवंत राहिला असता. बाबांच्या उशाशी.
ती परवा ताटात बघत होती, तेव्हा तिला हे माहीत होतं.
वायरी सरळ केल्या. दोन्ही रिले तसेच ठेवले. बाबा अजून बाहेरच आहेत. सांगायला जाते.